सरांचं डोकं आणि ओढलेला ब्रेक

१

मुख्याध्यापकांचं डोकं सकाळी गटाराच्या कडेला सापडलं. ते तिथे पाहून सगळ्यात कमी दुःख खुद्द मुख्याध्यापकांना झालं.

डोकं सिमेंटचं होतं. धड उताराच्या तळाशी, मूर्तिकाराच्या दुकानात अजून ताठ उभं होतं. एका हातात सिमेंटचं पुस्तक, दुसरा हात आशीर्वादाला वर. त्या हाताखाली एक तीनचाकी मोटारसायकल येऊन थांबली होती, जणू परीक्षेला निघण्याआधी पाया पडायला आली होती. पुढून पाहिली तर साधी मोटारसायकल: टाकी, हँडल, एक चाक. मागून पाहिली तर दोन चाकांवरचा लोखंडी हौदा, आणि हौद्यात हॉटेलच्या चादरींची ओली गाठोडी. दुकानाची काच आणि सरांची मान एकाच धक्क्यात गेली होती.

गाडी उताराच्या माथ्यावरच्या लाँड्रीची. इंजिन बंद. सीटवर कुणी नाही.

विमा कंपनीच्या सर्वेक्षकबाई तिथे पोचल्या तेव्हा दुपार कलंडली होती, आणि त्यांच्या उजव्या टाचेने तर सकाळीच राजीनामा दिला होता. हे त्यांचं दिवसातलं तिसरं प्रकरण. पहिल्यात एका गृहस्थांनी आपल्याच गॅरेजच्या बंद दारातून गाडी बाहेर काढली होती. दुसऱ्यात दुसऱ्याच्या. बाईंना माणसांविषयी आता राग येत नसे, फक्त झोप येत असे.

साहेबांचा फोन त्या रिक्षातून उतरतानाच आला.

"काय बघायचंय त्यात? हँडब्रेक ओढायला विसरला. चालकाचा निष्काळजीपणा म्हणून लिहा आणि घरी जा."

"गाडी बघून लिहू का, साहेब?"

"बघा की. पण लिहायचं तेच आहे."

बाईंनाही तेच लिहायचं होतं. एक ओळ, एक सही, आणि टाचेला गरम पाण्याची बादली.

लाँड्रीच्या पायरीवर चालक बसला होता. लाँड्रीच्या मालकिणीला सगळी गल्ली ताई म्हणायची; हा तिचा धाकटा भाऊ, म्हणून सगळ्यांचा धाकटा. वय पस्तिशीचं, पण पद तेच.

"मी ब्रेक ओढला होता," धाकटा म्हणाला. बाईंनी अजून काही विचारलंच नव्हतं.

"ऐका," आतून ताईंचा आवाज आला. पाठोपाठ त्या स्वतः आल्या, खांद्यावर टॉवेल, कपाळावर घाम. "हा चौथीपासून हेच म्हणतोय. मी नळ बंद केला होता. मी कुलूप लावलं होतं. मी अभ्यास केला होता. एकदा नळाने घर भरलं, एकदा चोर कुलूप न तोडता आत आला आणि निकालाचं तर बोलूच नका."

"ताई, पण या वेळी—"

"प्रत्येक वेळी 'या वेळी'च असते रे तुझी." ताई बाईंकडे वळल्या. "तुम्ही काय ते लिहा. याची चूक निघाली तर गाडीची किल्ली आजपासून भाच्याकडे, आणि हा परत आत इस्त्रीवर. आठ चादरी जाळून बाहेर आला होता तिथून. पण गाडीने निदान माणूस मेला नाही, तोवरच थांबलेलं बरं."

धाकटा पायरीकडे पाहत राहिला. गाडी चालवणं ही त्याला आयुष्यात जमलेली एकमेव गोष्ट होती, आणि आज तीही एकटीच निघून गेली होती.

"गाडी गिअरमध्ये का नाही ठेवलीस?" बाईंनी विचारलं.

"हौदा भरताना हिसके बसतात, चेन ओढली जाते. मेकॅनिक उस्तादांनीच सांगितलंय, न्यूट्रल करायची आणि ब्रेक ओढायचा. मी न्यूट्रल केली." तो थांबला. "आणि ब्रेक ओढला."

बाईंनी वही बंद केली. अशी वाक्यं त्यांनी शेकड्याने ऐकली होती. त्या मूर्तिकाराकडे उतरायला लागल्या ते फक्त नुकसानीचे फोटो काढायला. खरं काय ते शोधायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

२

मूर्तिकार सरांच्या धडाशेजारी स्टुलावर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर शोक होता, पण नीट बसत नव्हता. भाड्याच्या कोटासारखा खांद्यावरून घसरत होता.

"सहा महिन्यांची मेहनत, मॅडम! माजी विद्यार्थ्यांनी सांगितलेली. येत्या रविवारी ते न्यायला येणार होते."

"पसंत होती त्यांना?"

"म्हणजे काय! नाक सोडलं तर."

"नाकात काय होतं?"

"तो मेहुण्याचा पुतळा होता," दारातून कुणीतरी म्हणालं.

दारात एक वृद्ध गृहस्थ उभे होते, छत्री बगलेत, डोकं जागेवर. बाईंनी धडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. हेच सर. गटाराकाठी पडलेल्या डोक्याशी त्यांचं काडीचंही साम्य नव्हतं.

"माझ्या बायकोचा भाऊ हुबेहूब असा दिसतो," सर म्हणाले. "त्याने मला तीन वर्षं फसवलं. शाळेच्या दारात मरेपर्यंत त्याचं तोंड बघायचं माझ्या नशिबी आलं असतं. बाई, मी त्या गाडीचा ऋणी आहे."

"सर, असं बोलू नका हो मॅडमसमोर," मूर्तिकार कळवळून म्हणाला.

पण मॅडमना जे कळायचं ते कळलं होतं. रविवारी विद्यार्थी आले असते, त्यांनी मेहुण्याला ओळखलं असतं आणि मूर्तिकाराची सहा महिन्यांची मेहनत तिथेच वाया गेली असती. तुटल्या मूर्तीची मात्र भरपाई मिळणार होती. मूर्तिकाराला अपघात फारच वेळेवर पावला होता.

"गाडी आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आत. बूट घासत होतो."

"स्वतःचे?"

"सरांचे." त्याने धडाच्या सिमेंटच्या बुटांकडे बोट दाखवलं. "धाडकन आवाज आला. धावलो. मला वाटलं चालक खाली पडला असेल, म्हणून हौद्यावरून पलीकडे वाकून बघायला गेलो, तर माझा एप्रन अडकला. हे बघा." एप्रनचा खिसा फाटून लोंबत होता. "सीटशेजारच्या त्या लिव्हरमध्ये. हँडब्रेकच्या."

बाई फोटो काढता काढता थांबल्या.

"लिव्हर वर होता की खाली?"

"वर! ताठ. सरांच्या हातासारखा. खाली असता तर अडकला असता कशाला?" आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. ब्रेक ओढलेला निघाला तर चालकाची चूक राहत नाही, आणि ती राहिली नाही तर भरपाईचं काय होईल कुणास ठाऊक. त्याने घाईघाईने फाटका खिसा हाताखाली लपवला.

ज्याला खोटं बोलण्याचा फायदा होता तोच चुकून खरं बोलला होता. बाईंना एकदम फार दमल्यासारखं वाटलं. ती बादली आता लांबली होती.

३

"माझ्या हातचा ब्रेक आहे तो," उस्ताद म्हणाले.

उस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचे मेकॅनिक. देह हत्तीचा, मान राजाची. गाडी दोराने ओढून पुन्हा लाँड्रीपुढे आणली होती. मडगार्ड चेपलं होतं, बाकी सगळं धड. उस्तादांनी सांगाड्याखाली जॅक लावला, मागची दोन्ही चाकं अधांतरी केली आणि बाईंना बोलावलं.

"फिरवा."

बाईंनी चाक फिरवलं. गुळगुळीत फिरलं. उस्तादांनी लिव्हर ओढला. दातांचा कर्रर आवाज झाला.

"आता फिरवा."

चाक दगड झालं होतं. दुसरंही. बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला, मग धाकट्याने लावला.

"आधी ब्रेक नरम होता, कबूल," उस्ताद म्हणाले. "हा आला तेव्हा लिव्हर पार छातीपर्यंत यायचा. मी ड्रम उघडले. लायनर झिजलेले, नवे टाकले. दोन्ही चाकांचा ताण सारखा केला, नाहीतर एकच चाक धरतं आणि दुसरं मजा बघतं. लिव्हरचे दात घासून साफ केले. आणि केबल! जुनी केबल कसली, रबरी नळीतून वळसे घेत घेत मागे जायची, आत गंजलेली. ती फेकली. लिव्हरपासून मागच्या चाकांच्या आसापर्यंत सरळ तार ओढली. मोकळी, दिसणारी. गंज चढला तर डोळ्याला दिसेल. वळसे नाहीत, लपवाछपवी नाही."

"आणि ताण कुठे धरलात?"

"इथेच की, जॅकवर. चाक हातात घेतल्याशिवाय कळणार कसं?"

मग गाडी खाली उतरवली. तोंड उताराकडे, हौदा लाँड्रीच्या दाराकडे, सकाळी होती तशीच. धाकट्याने ब्रेक ओढला. उस्ताद, मूर्तिकार आणि धाकटा, तिघांनी मिळून ढकलली. गाडी हलली नाही. सरांनीही छत्रीने ढकलून पाहिली.

"झालं समाधान?" उस्ताद म्हणाले. ते घामाघूम झाले होते, पण विजयी. "चौकशी ब्रेकची नको, माणसाची करा."

धाकट्याचा चेहरा उतरला. प्रत्येक चाचणीत ब्रेक पास होत होता आणि तो नापास.

ब्रेक चांगला होता. ब्रेक ओढलेला होता. गाडी गेली होती. या तीन वाक्यांपैकी एक तरी खोटं असायला हवं होतं, आणि बाईंनी तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी किंवा फाटक्या खिशाने तपासली होती. म्हणजे एकच शक्यता उरत होती. कुणीतरी ब्रेक सोडला, गाडी जाऊ दिली, आणि खाली पोचल्यावर पुन्हा ओढला. आणि ताईंच्या सांगण्यानुसार सकाळी गाडीजवळ हौदा भरायला एकच माणूस होता.

तो माणूस म्हणजे ज्याला किल्ली मिळणार होती तो.

४

भाचा मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होता. ताईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, पंचविशीचा, केस नीट, बोलणं त्याहून नीट.

"मी अर्धी गाठोडी भरली आणि पाणी प्यायला मागे आलो," तो म्हणाला. "मामा गाडीपाशीच होता. काय झालं ते मला माहीत नाही. मामाबद्दल वाईट बोलायला मला आवडत नाही."

"नका बोलू."

"पण तो विसरतो."

बाईंनी चादरींवरून नजर फिरवली. काहींना हिरवी किनार, काहींना निळी.

"रंग दोन का?"

"हॉटेलचा वरचा मजला हिरवा, खालचा निळा. मिसळू नयेत म्हणून. दोन मजल्यांच्या दोन खेपा."

"आज किती खेपा गेल्या?"

"एकच जात होती. हिरवी."

"मग निळ्या चादरींना सिमेंट कुठून लागलं?"

भाच्याने वर पाहिलं. दोरीवर हिरव्या किनारीच्या चादरींना करड्या धुळीचे डाग होते, पुन्हा धुऊनही न गेलेले. निळ्यांनाही होते.

"मावशीला सांगू नका," भाचा म्हणाला. नीटपणा एका दमात गळून पडला.

"काय?"

"तिने दोन खेपा सांगितल्या होत्या. मी दोन्ही मजले एकदम भरले. मला लवकर सुटायचं होतं."

"कशासाठी?"

"झोपायला." तो इतक्या तळमळीने म्हणाला की बाईंना तो सख्खा वाटला. "कपडे पिळायचं मशीन परवा जळालं. तेव्हापासून सगळं हाताने पिळतोय, आणि पिळून पिळून किती पिळणार? ओलंच न्यायचं गावाबाहेर वाळवायला. एकेक गाठोडं म्हणजे म्हातारा माणूस उचलल्यासारखं."

"आणि गाडी गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच. शेवटचं गाठोडं टाकलं आणि गाडी निघाली."

"मामा?"

"आत होता, दोर आणायला गेलेला. पण मला वाटलं तो सीटवर बसलाय. गाठोड्यांच्या ढिगामुळे पुढचं दिसत नव्हतं." त्याने मान खाली घातली. "मी हात पण केला."

"हात?"

"अच्छा म्हणून. आणि तेवढ्यात मामा माझ्या मागून आला आणि म्हणाला, गाडी कुठाय?"

बाई लंगडत आत आल्या. पिळायचं मशीन भिंतीला टेकून थंड पडलं होतं. त्याचा एक पाय तोकडा होता, आणि त्याखाली एक वीट होती. विटेच्या अंगावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा स्पष्ट उमटलेला.

"ही गाडीच्या चाकाखालची ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "ब्रेक नरम होता तेव्हा लावायचो. मग उस्तादांनी दुरुस्त केला. तरी हा वीट लावायचा. उस्ताद चिडले. म्हणाले, माझ्या ब्रेकपुढे वीट म्हणजे माझ्या तोंडावर वीट. मग मी उचलली. इथे मशीन नाचत होतं, त्याच्या पायाखाली दिली. मशीन त्यानंतरही जळालंच."

बाईंना आता बसणं भाग होतं. समोर खिडकीशी टेबल आणि खुर्ची होती. त्या धपकन बसल्या, चप्पल काढली आणि सहज बाहेर पाहिलं.

खिडकीतून गाडी दिसत होती. हौदा नाही, तो दाराच्या आडोशाला होता. पण सीट, हँडल आणि सीटशेजारचा लिव्हर, सगळं ताटात वाढल्यासारखं समोर.

"सकाळी या खुर्चीत कोण होतं?"

"मी," ताई म्हणाल्या, आणि टॉवेलची घडी घालू लागल्या. घडी आधीच घातलेली होती.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या खिडकीबाहेर, लिव्हरपासून मागे जाणाऱ्या त्या सरळ, मोकळ्या तारेकडे बघत होत्या.

"सगळ्यांना बोलवा," त्या चप्पल चढवत म्हणाल्या. "आणि मळक्या कपड्यांची गाठोडी आणा. कोरडी. उतारावर, गाडीच्या पुढे चार पावलांवर, आडवी रचा."

५

मंडळी जमली. अशा वेळी हुशार माणसं दिवाणखान्यात लोकांना खुर्च्यांवर बसवून उलगडा करतात, असं बाईंनी ऐकलं होतं. लाँड्रीत खुर्ची एकच होती.

"हौद्यात बसायचंय," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"सगळ्यांनी. पण आधी धाकटे, ब्रेक ओढा. उस्ताद, तुम्ही हात लावून तपासा. नंतर म्हणू नका."

धाकट्याने ब्रेक ओढला. उस्तादांनी लिव्हर तपासला, गाडी ढकलली, मान डोलावली. "पक्का."

"आता सीटकडे कुणीही जायचं नाही. धाकटे, तुम्ही माझ्याजवळ या. हात मागे."

धाकटा हात मागे बांधून उभा राहिला, वर्गाबाहेर काढल्यासारखा.

"सर, चढा."

सरांनी छत्री सावरत हौद्यात पाय टाकला. त्यांना मजा वाटू लागली होती. गाडी तशीच.

"मूर्तिकार."

मूर्तिकार सरांशेजारी बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. हौदा थोडा दबला. गाडी तशीच.

"भाचे."

"मी कशाला?"

"तुम्ही दोन मजल्यांचे."

भाचा चढला. मागचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले.

"बघा," उस्ताद म्हणाले, "हलली का? तीन माणसं बसली तरी—"

"आता तुम्ही."

उस्तादांनी जगाकडे एक करुण कटाक्ष टाकला, हौद्याची कड धरली आणि आपला हत्तीचा देह आत लोटला. पाटे सपाट झाले. हौदा चाकांवर बसला. कुठेतरी खाली बारीकसा आवाज झाला, दोरी सैल पडल्यासारखा. एक क्षण काही झालं नाही.

मग गाडी निघाली.

घाई न करता, सभ्यपणे निघाली. सर "अरे!" म्हणाले. मूर्तिकाराने ज्यांच्याशी वैर होतं त्या सरांनाच मिठी मारली. उस्ताद मोठ्याने ओरडले, "ब्रेक ओढ! ब्रेक ओढ!"

"ओढलेलाच आहे!" धाकटा त्याहून मोठ्याने ओरडला.

गाडी मळक्या गाठोड्यांत घुसली आणि थांबली. हौद्यात कुणी कुणावर होतं ते समजायला थोडा वेळ लागला. लिव्हर मात्र ताठ वर होता. त्याला कुणाचाही हात लागला नव्हता.

बाई खाली वाकल्या, आणि टाचेला शिव्या घालत गाडीखाली बोट दाखवलं. लिव्हरपासून आसापर्यंतची तार वाळत घालायच्या रिकाम्या दोरीसारखी झोल खाऊन लोंबत होती.

"जॅकवर गाडी चढवली की चाकं खाली लोंबतात," त्या म्हणाल्या. "आस सांगाड्यापासून दूर जातो. तार ताणली जाते. उस्तादांनी तिथे ताण धरला, तिथे ब्रेक उत्तम. रिकामी गाडी जमिनीवर ठेवली तर पाटे थोडे दबतात, आस थोडा जवळ येतो, तरी पुरतं. म्हणून आपल्या ढकलण्याने हलली नाही. पण धाकटे ब्रेक ओढतात तेव्हा गाडी रिकामी असते. मग इथले लोक हौदा भरायला लागतात. एकेका गाठोड्याने पाटे दबतात, आस वर येतो, तार सैल पडते. ब्रेक ओढलेला असतो आणि हळूहळू सुटत असतो. कुणाचाही हात न लागता."

"पण जुन्या केबललाही हेच—" भाचा म्हणाला.

"नाही. जुनी नळीतून वळसे घेत जायची. नळीच वाकायची, आतली तार तेवढीच राहायची. आस वर आला काय, खाली गेला काय. ती गंजल्यामुळे नरम होती, पण भाराने सुटत नव्हती. उस्तादांनी वळसा काढला, आणि त्या वळशातच सगळं होतं. कोरड्या चादरी होत्या तोवर भागलं. मग मशीन जळालं, चादरी ओल्या झाल्या, आणि आज दोन मजले एकदम चढले."

भाच्याने ताईंकडे पाहिलं. ताईंनी भाच्याकडे पाहिलं. त्याची आजची झोप गेली.

उस्ताद अजून हौद्यातच होते. मान राजाचीच, पण वनवासातल्या. "चाक हातात घेतल्याशिवाय..." ते पुटपुटले, आणि वाक्य सोडून दिलं. खाली उतरले, गाडीखाली आडवे झाले, त्या तारेला बोटाने झोका दिला आणि बराच वेळ तसेच पडून राहिले.

"नळीवाली केबल आहे माझ्याकडे," शेवटी खालूनच आवाज आला. "आत्ता टाकतो. पैसे नको."

६

साहेबांचा फोन आला. "लिहिलं?"

"लिहिते. दुरुस्तीतला दोष. चालकाने ब्रेक ओढला होता."

"कुणी पाहिलंय का तसं? साक्षीदार लागेल, बाई. चालकाच्या म्हणण्यावर मी काही पुढे पाठवणार नाही."

"बघते," बाई म्हणाल्या.

ताई खिडकीपाशी उभ्या होत्या. टॉवेलच्या घडीची आता चिंधी व्हायची वेळ आली होती.

"इथून लिव्हर दिसतो," बाई म्हणाल्या.

"दिसतो."

"आणि दातांचा आवाजही येतो. मी आत बसले होते तेव्हा सरांची छत्री उघडलेली ऐकू आली मला."

ताईंनी टॉवेल खांद्यावर टाकला, पुन्हा काढला. बाईंनी घाई केली नाही. दमलेल्या माणसाचा हा एक फायदा असतो.

"पाहिलं होतं मी," ताई म्हणाल्या. "त्याने ओढला. रोज ओढतो तसा, दोन हातांनी. पाहिलं मी."

दारात धाकटा उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.

"पाहिलंस?" तो म्हणाला.

"मग सकाळपासून—" बाईंनी सुरुवात केली, पण ताईच बोलल्या.

"उस्ताद म्हणाले ब्रेक चांगला आहे. गाडी तर गेलेली. मग मला वाटलं, मी कालचं पाहिलं असेन. रोजचंच दृश्य, चुकून कालचं आज डोळ्यांपुढे आलं असेल. म्हटलं मलाच भास झाला."

"तुझ्या डोळ्यांवर पण तुझा विश्वास नाही?" धाकटा म्हणाला.

"माझ्या डोळ्यांवर आहे रे. पण डोळ्यांपुढे तू होतास."

त्याला हसावं की चिडावं ते कळेना. त्याने दोन्ही केलं नाही. "नळ मी खरंच बंद केला नव्हता," तो म्हणाला. "कुलूप पण नव्हतं लावलं. ते खोटं होतं."

"माहितीये."

"हे खरं होतं."

"हो," ताई म्हणाल्या, आणि बाईंकडे वळल्या. "लिहा. मी पाहिलं. सही कुठे करायची?"

त्यांनी सही केली, मोठी, सगळ्या वेलांट्यांसकट. बाईंनी वही मिटली. त्या निघू शकत होत्या. पण बाहेर उस्तादांनी नवी केबल चढवली होती आणि ते हाका मारत होते, आणि टाचही पायरीपलीकडे जायला तयार नव्हती. त्या पायरीवरच टेकल्या.

"जॅक नाही लावणार या वेळी," उस्ताद सांगत होते. ते जमिनीवर आडवे, हातात पाना. "गाडी पायावर उभी, हौद्यात भार, आणि मग ताण. नंतर रिकामी करून बघायचं, चाक घासतंय का. घासलं की ड्रम तापतो, लायनर जळतो. दर महिन्याला एकदा बघ, भरून आणि रिकामी, दोन्ही. चला, बसा कुणीतरी हौद्यात."

सर आधीच घरी गेले होते, आयुष्यात एकदाच पुरे म्हणून. मूर्तिकार नवीन डोक्याचं माप घ्यायला त्यांच्या मागे धावला होता. भाचा निळी आणि हिरवी, दोन्ही गाठोडी आणून टाकत होता, एक एक करून, बोलावल्याशिवाय.

"अजून थोडा भार पाहिजे," खालून आवाज आला.

ताई पुढे झाल्या. पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि हौद्यात चढल्या, ओल्या गाठोड्यांवर. आजवर त्या या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. पाटे कुरकुरले. उस्तादांनी नट आवळला, आणखी आवळला, बाहेर सरकले आणि अंग झटकून उभे राहिले.

"ताई, उतर," धाकटा म्हणाला. "पुढची गाठोडी उचललीयेत. उतार मोकळा आहे. आधी रिकामी बघू."

"तू ओढलायस ना?"

धाकट्याने लिव्हरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ओढलाय."

"मग झालं," ताई म्हणाल्या. त्यांनी लिव्हरकडे पाहिलंही नाही. मोकळ्या उताराकडे तोंड करून त्या नीट मांडी घालून बसल्या, आणि गाठोड्यातली एक चादर काढून तिचं पाणी पिळू लागल्या.